वाळूबाई तज्ज्ञ होऊन येतात

नदीचं पाणी यायचं, हौदात थांबायचं, वाळूत मुरायचं, खडीतून पाझरायचं आणि मग शहरात घराघरांत जायचं. वाळू मळली की वरचा थर फावड्याने खरवडून काढायचा, ही जुनी पद्धत. खरवडून थर फार पातळ झाला की नवी वाळू भरायची, हीसुद्धा तितकीच जुनी पद्धत. पण ती सगळे सोयीने विसरले होते. खरवडून खरवडून हौदातली वाळू म्हाताऱ्याच्या केसांसारखी विरळ झाली होती. पाणी आता तिच्यातून गाळलं जात नव्हतं, नुसता रामराम करून पुढे जात होतं.

जलशुद्धीकरण केंद्रात हे एकाच माणसाला बोचायचं. ती तिथली इंजिनीअर. दर बैठकीत वाळू मागायची, म्हणून तिचं नावच पडलं वाळूबाई.

"बाई, वाळूचं उद्घाटन कसं करायचं ते आधी सांगा," मुख्य साहेब म्हणायचे. "मंत्र्यांना उभं कुठे करू? हौदात?"

बैठक हसायची. वाळूबाईही हसायची, कारण न हसणारी बाई बैठकीला जड जाते. पण गेल्या पावसाळ्यात तिच्या लेकीला, चिऊला, कावीळ झाली. दिवसभर उड्या मारणारी पोर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. डोळे पिवळे, हात काडीसारखे. तिच्या उशाशी बसून सासूबाईंनी एकदाच विचारलं, "पाणी तूच गाळतेस ना गं?" त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच तो प्रश्न जास्त लागला.

यंदा नदीला गढूळ पाणी यायच्या आत नवी वाळू पडायला हवी होती. तिला दुसरं काही नको होतं.

साहेबांना मात्र बरंच काही हवं होतं. त्यांनी एका आंतरराष्ट्रीय संस्थेकडे तांत्रिक साहाय्य मागितलं. मोठा तज्ज्ञ येईल, यंत्रं सुचवेल, मागोमाग यंत्रं येतील, यंत्रांपुढे मंत्री उभे राहतील. संस्थेच्या संगणकाने सारं जग धुंडाळलं आणि या कामासाठी सर्वांत लायक तज्ज्ञ निवडला.

ती निघाली वाळूबाई. फार पूर्वी ती संस्थेच्या एका प्रशिक्षणाला परदेशी गेली होती, तिथे तिचं नाव तज्ज्ञांच्या यादीत घातलं गेलं होतं, आणि ते नाव संगणकाच्या पोटात इतकी वर्षं निमूट बसून होतं.

"अभिनंदन," संस्थेच्या समन्वयकाने फोनवर सांगितलं. "फक्त नियमाप्रमाणे तज्ज्ञ बाहेरचा लागतो. तुम्ही ऑफिसातून रजा घ्या, म्हणजे बाहेरच्या व्हाल. आणि हॉटेलात राहा."

"माझं घर हॉटेलच्या मागेच आहे."

"मग तर हॉटेलातच राहा. त्या भागातलं पाणी चांगलं नाही, असं आमच्या सूचनांत लिहिलंय."

तज्ज्ञ विमानतळावर उतरतो, असाही नियम होता. म्हणून रजेच्या पहिल्या सकाळी वाळूबाई बसने विमानतळावर गेली, आत शिरली, आणि बाहेर पडली. दारात साहेब पुष्पगुच्छ घेऊन उभे.

"प्रवास कसा झाला, मॅडम?"

"गर्दी होती," ती म्हणाली. ते खरंच होतं.

साहेब तिला ओळखत नव्हते असं नाही. पण त्या ऑफिसची रीतच तशी होती. बोलायचं ते खुर्चीशी. खुर्चीत कोण बसलंय हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. साहेबांचे सख्खे मेहुणे तिथेच कारकून होते. रात्री दोघं एका पंगतीला बसायचे, आणि सकाळी ऑफिसात साहेब त्यांना विचारायचे, "कोण तुम्ही? काय काम आहे?" मेहुणेही आपलं नाव सांगायचे. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

संस्थेने मॅडमना दुभाषाही दिला होता. पहिल्या बैठकीत ती आपल्या नेहमीच्या भाषेत म्हणाली, "वाळू संपत आलीय. नवी भरा."

साहेबांनी दुभाष्याकडे पाहिलं. दुभाष्याने घसा साफ केला. फुकटचा पगार खाणारा तो माणूस नव्हता. "मॅडमचं असं निरीक्षण आहे," तो म्हणाला, "की गाळण-माध्यमाचा ऱ्हास झालेला असून त्याचं तातडीने पुनर्भरण व्हावं."

"वा," साहेब म्हणाले. "हे आम्हाला आजवर कुणी सांगितलंच नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पूर्वी हसायचे ते जास्तच डोलावत होते. वाळूबाईला ते खटकलं. आणि खोटं कशाला, थोडं गोडही वाटलं. ती खोलीत आली की आता लोक उठून उभे राहायचे. तिचं वाक्य कुणी मध्येच तोडायचं नाही. इतकी वर्षं तिने दार ठोठावलं होतं. आता दार तिला बघून आपोआप उघडायचं.

संध्याकाळी सासूबाई चिऊला घेऊन हॉटेलात डबा द्यायला यायच्या. एकदा चिऊने टेबलावरची बाटली उचलून उजेडात धरली.

"आई, तुला इथे विकतचं पाणी देतात?"

"नियम आहे, बाळा."

"मग आमचा नियम कोणता?"

सासूबाईंनी डब्याचं झाकण उगीचच परत लावलं. "चल गं, तुझ्या आईला कामं आहेत," म्हणाल्या, आणि सुनेकडे न बघता पुढे म्हणाल्या, "घरी मी उकळते. शाळेत काय पिते ते मला कुठे दिसतंय?"

अडचण अशी होती की वाळू मंजूर झाली, पण हलेना. तज्ज्ञाने फक्त शिफारस करायची, अंमल स्थानिक जोडीदाराने करायचा, असा संस्थेचा नियम. स्थानिक जोडीदार म्हणजे केंद्राचा इंजिनीअर. आणि इंजिनीअर रजेवर.

"आमच्या बाई जागेवर नाहीत," साहेब खेदाने सांगायचे. "ऐन कामाच्या वेळी रजा. काय बोलणार, मॅडम?"

"त्यांना बोलावून घ्या," मॅडम म्हणायच्या.

"निरोप पाठवलाय."

निरोप खरंच पाठवला होता. तो घरी सासूबाईंना मिळाला आणि त्यांनी डब्यासोबत हॉटेलात पोचवला.

वरच्या डोंगरांत ढग उतरू लागले. नदीचा रंग किंचित बदलला. तो बदल फक्त तिला दिसला. तिने समन्वयकाला फोन लावला.

"आम्हालाही कळलंय," तो म्हणाला. "स्थानिक जोडीदार अजिबात सहकार्य करत नाही. हे सगळीकडेच होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आम्ही तुमचा करार वाढवतोय. या उदासीनतेची कारणं शोधा. अहवाल चांगला झाला तर पुढे दुसऱ्या देशात पाठवू. तिथेही वाळू आहे."

"आणि इथली वाळू?"

"ती अहवालानंतर. पावसाळा संपल्यावर."

फोन ठेवून ती खिडकीशी उभी राहिली. खाली मागच्या गल्लीत तिचं घर दिसत होतं, दोरीवर चिऊचा शाळेचा गणवेश वाळत होता. दुसरा देश, गाडी, उठून उभे राहणारे लोक. तिला ते हवं होतं. नको होतं असं म्हणणं सोपं गेलं असतं, पण तिला ते फार हवं होतं. तिने गणवेशाकडे पाहिलं. वाऱ्याने त्याच्या बाह्या हलत होत्या, जणू आत कुणी आहे.

दुसऱ्या दिवशी बैठकीत तिने साहेबांना विचारलं, "तुमच्या इंजिनीअरबाई कामावर आल्या, तर वाळू कधी मागवाल?"

दुभाष्याने ते सुशोभित करून सांगितलं.

"त्याच क्षणी, मॅडम. आपला शब्द म्हणजे शेवटचा शब्द."

"सगळ्यांसमोर सांगताय?"

"सगळ्यांसमोर."

"मग माझं काम संपलं. करार वाढवायला मी नाही म्हणते. संस्थेला तसं कळवते." तिने गळ्यातला बिल्ला काढून टेबलावर ठेवला. सगळे उठून उभे राहिले. साहेब दारापर्यंत सोडायला आले, हात जोडले, "पुन्हा या" म्हणाले.

दार बंद झालं. ती व्हरांड्यात उभी राहिली. तिने पदराने तोंड पुसलं, दार ढकललं आणि आत गेली. कुणीही उठलं नाही.

"या बाई, उगवलात?" साहेब कडाडले. "इतकी मोठी तज्ज्ञ इथे बसून तुमची वाट बघून गेली. आत्ताच गेली. लाज वाटायला हवी."

"हो, साहेब."

दुभाषा गोंधळून अर्धवट उठला. "मी हे मॅडमना… म्हणजे बाईंना… सांगू का?"

"बसा हो. या आपल्या घरच्या आहेत, यांना सगळं कळतं." साहेब तिच्याकडे वळले. "वाळू मागवायचीय. ताबडतोब. आणि मध्ये आपली अक्कल चालवू नका, मॅडमनी सांगितलंय तशीच हवी. कशी हवी, माहीत आहे का तुम्हाला?"

"चाळलेली, सारख्या दाण्याची. हातात चोळली तर पाणी गढूळ होणार नाही इतकी धुतलेली."

साहेबांनी दुभाष्याकडे पाहिलं. दुभाष्याने हळूच मान डोलावली.

"बघा," साहेब जरा निवळले. "चांगल्या माणसाचा सहवास नुसता ऑफिसला लाभला तरी फरक पडतो."

वाळू आली. मजुरांनी ती धुतली, पुन्हा धुतली, घमेल्यांनी हौदात उतरवली. वाळूबाई गुडघ्यापर्यंत साडी खोचून आत उभी राहिली, लाकडी पट्टीने थर सारखा करत. आता तिला बघून दार उघडत नव्हतं. आवाज द्यावा लागायचा, तोही दोनदा. एकदा साहेब काठावर येऊन गेले. "मॅडम असत्या तर खूश झाल्या असत्या," म्हणाले.

"दमल्याही असत्या, साहेब," ती म्हणाली.

मग नदी भरली. मातकट पाणी हौदात आलं, नव्या वाळूवर पसरलं आणि सावकाश, अगदी सावकाश खाली उतरू लागलं. त्या दिवशी ती घरी पोचली तेव्हा सासूबाई चुलीपाशी होत्या, आणि चिऊ रिकामं भांडं हातात घेऊन नळाशी.

"झालं ना गं तुझं?" सासूबाईंनी विचारलं. "आता देऊ का हिला नळाचं?"

ती हो म्हणणार होती. ओठ गोलही झाले होते.

"अजून थोडे दिवस उकळा," ती म्हणाली. "वाळू नवी आहे. दुधावर साय धरते तशी तिच्यावर धरावी लागते, मगच ती खरी गाळते."

"आणि तुझी वाळू आजारी पडली तर?" चिऊने विचारलं.

"मग तिच्या उशाशी बसेन," ती म्हणाली, आणि लेकीच्या हातातलं भांडं घेऊन चुलीवर ठेवलं.