एकवीराला हाक

"ठाण्याहून अजून काही नाही, काका," फोनवर हात ठेवून शीला म्हणाली. परशुराम कोळींनी उघडायला घेतलेला डबा पुन्हा बंद केला.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या या रंगाच्या कारखान्यात गोदामाचा साठा सांगणारे जुने मशीन, म्हणजे युनिक्सवर चालणारा कॉम्प्युटर, परशुराम सांभाळत. अठ्ठ्याण्णव साली ठाण्याच्या ऑफिसात विंडोजची नवी मशीनं आली आणि साहेबांनी बजावले: दोघांचे जमले तर ठीक, नाहीतर जुने भंगारात. मशीन भंगारात म्हणजे परशुराम घरी, हे सांगायला कुणी शहाणा लागत नव्हता.

जमवायचे काम शीलाकडे होते. ठाण्याच्या मशीनने इथल्या प्रोग्रामला लांबूनच हाक मारायची, "निळा किती शिल्लक?" प्रश्न दोन्ही मशीनांना वाचता येईल अशा ठरलेल्या साच्यात बांधून तारेने यायचा, उत्तरही तसेच बांधून परत जायचे. एकाने दुसऱ्याची भाषा शिकायची गरज नाही. दसऱ्याआधी हे सगळे झकास चालत होते. आणि सुट्टीनंतर आज, नेमक्या साहेबांना दाखवायच्या दिवशी ठाण्याला शुकशुकाट!

"तुम्ही काही बदललंत?"

"छे! दसऱ्याला पूजा केली तेवढीच. आन् नाव ठेवलं."

"कुणाचं?"

"याचं." परशुरामांनी मशीनवर हात ठेवला. "सर्व्हर-दोन हे काय नाव झालं? आमच्यात होडीपन बिननावाची पाण्यात ढकलत नाय. एकवीरा ठेवलं. कुंकू लावलं, बंद करून परत चालू केलं."

शीलाने कपाळाला हात लावला.

"काका, चालू झालं की हे ठाण्याला आपला पत्ता कळवतं. त्या पत्त्यात याचं नाव असतं. ठाण्याचं मशीन आता एकवीरा कुठे राहते ते शोधत बसलंय. त्याला कोणी सांगितलंच नाही ना!"

परशुरामांचा चेहरा पडला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. "ठेवतो जुनं नाव," ते पुटपुटले आणि रुमालाने मशीनवरचे कुंकू पुसू लागले. ते पाहून शीलाला वाईट वाटले.

"थांबा हो, राहू दे." तिने फोन कानाला लावला. "प्रभाकर, तुझ्या मशीनवर एक नाव लिही. एकवीरा. त्याच्यासमोर डोंबिवलीच्या मशीनचा नंबर."

"कोण एकवीरा?" ठाण्याहून प्रभाकर ओरडला.

"लिही रे आधी, मग सांगते!"

दोघे पडद्याकडे बघत राहिले. परशुरामांनी मनात नवसही बोलून घेतला. मग पडद्यावर एक ओळ सरकली, पाठोपाठ दुसरी.

"आलं! निळा आला, पिवळाही आला!" प्रभाकरचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "साहेब इथंच उभे आहेत. चालेल म्हणतायत."

परशुराम खुर्चीत मटकन बसले. छातीवरचे ओझे असे उतरले की डोळेच भरून आले, आणि पोरीसमोर त्यांना त्याची लाजही वाटली नाही.

"शीला, हाक काय नावानं मारली गं त्यानं?"

"एकवीरा."

मशीनवर कुंकू अर्धेच उरले होते. परशुरामांनी रुमालाची घडी करून खिशात ठेवली, डबा उघडला आणि पहिली भाकरी शीलापुढे धरली.