रोल पुरा होईपर्यंत

“आता हे मी सांगतोय, पण तुझा इश्वास बसायचा न्हाय. आजवर कुणाचाच बसला न्हाय,” असं म्हणत रुद्रप्पांनी आपल्या जुन्या मामिया कॅमेऱ्याच्या डोक्यावरचं झाकण उघडलं, आतल्या काचेवर फुंकर मारली आणि तो राजनंदिनीकडं सरकवला. “ह्याच्यात शेळी हाय.”

“कॅमेऱ्यात?”

“रोलवर की. पाण्याच्या टाकीवर चढलेली शेळी.”

राजनंदिनीनं ओठ दाबले. कॅमेरा विकायचाय ही जाहिरात बघून आलेली पोरगी, व्यवहाराचं बोलायला आलेली. पण तिच्या ओठांच्या कडेला हसू अडकलेलं रुद्रप्पांना दिसलं आणि त्यांनी स्टूल पुढं ओढलं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखान्यामागं चादरी वाळत होत्या. एका चादरीच्या सावलीला वॉचमनची शेळी निजलेली. वावटळ आली, चादर दोरीवरून सुटली, शेळीखाली शिरली, चारी टोकं वर गेली आणि शेळी झोळीत बसल्यासारखी उडत थेट टाकीवर. आठवडाभर ती तिथंच होती. वॉचमनची बायको शिडी लावून वर जायची आणि धार काढून आणायची. उंचावरच्या हवेनं दूध एवढं दाट झालेलं, की चहात चमचा उभा राहायचा.

“आणि शेळीला उतरावंसं वाटलं नाही?”

“कशाला उतरंल? वर वारं होतं. खाली सोलापूर होतं.”

आता मात्र ती मोकळी हसली. बाळीवेशीतल्या त्या फोटो स्टुडिओच्या खोलीत असं हसणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. पासपोर्टचे फोटो काढायला लोक समोरच्या झेरॉक्सवाल्याकडं जात. दाराशी कुणी थांबलंच, तर रिक्षाचे सुटे मागायला.

राजनंदिनी कामाची होती. एका टॉवेलच्या कारखान्यात ती कॉम्प्युटरवर डिझाइनं काढायची. सुताच्या एका-एका धाग्याकडं बघायची सवय तिच्या बोटांत होती. तिनं मामियाची भिंगं, जोडी-जोडीनं, खिडकीच्या उजेडाकडं धरून पाहिली.

“बुरशी बघतीस? बघ की. मुंबईच्या भिंगांत बुरशी धरती. कोकणातल्या भिंगांत तर भात लावावा. आपल्या हवेत बुरशीच तहानेनं मरती.”

मग तिनं शटर सगळ्यांत सावकाश ठेवून दाबलं आणि कान लावून त्याची घरघर ऐकली. रुद्रप्पांनी पण ऐकली. भिंगांच्या तीन जोड्या, मान घालून बघायची काच, डोळ्याला लावायचं वेगळं झाकण, चामड्याची पेटी, असा सगळा संसार तिनं टेबलावर मांडला आणि मोबाइलवर दुसरे दोन कॅमेरे काढून दाखवले.

“पुण्यात एक जर्मन कॅमेरा आहे अप्पा. रोल अर्ध्यावर असतानाही त्याचा मागचा डबा काढून दुसरा लावता येतो. हैदराबादला एकाकडं भिंगांशिवाय नुसती बॉडीच आहे, स्वस्त आहे. पण मला तुमचाच हाताला बरा वाटतोय. किती दिवसांत द्याल?”

रुद्रप्पा पेटीचा पट्टा नीट करत राहिले.

“देतो की. पण आतला रोल पुरा झाल्याबिगर पाठ उघडता येत न्हाय. उघडली तर शेळी उजेडानं जळंल. एवढी वर्षं जपलंय तिला.”

“मग आत्ताच पुरा करते. किती राहिलेत?”

“असं घाईनं करू ने. हात बसाया पायजे. दर ऐतवारी येत जा, एकेक काढ. तवर कॅमेरा तुला वळखंल, तू कॅमेऱ्याला.”

तिनं एक फोटो काढला, दारातल्या रिकाम्या खुर्चीचा. रोल पुढं सरकवायची चावी रुद्रप्पांनी फिरवली. चावी जुनी आहे, हात ओळखते, असं त्यांनी सांगितलं आणि दोन्ही तळव्यांत कॅमेरा झाकून ती फिरवली.

खरी गोष्ट एवढीच होती की कॅमेऱ्यात रोल नव्हता. वर्षानुवर्षं नव्हता. रोल असला की चावी जड चालते आणि प्रत्येक फोटोला टक् करून अडते. ही मोकळीच फिरत होती. लग्नांच्या दिवसांत वऱ्हाडी पाठीमागं लागले की असाच रिकामा फ्लॅश मारून त्यांनी कितीतरी मामे-मावश्या खूश केल्या होत्या. ती धंद्याची रीत होती, सगळेच करत. पण या पोरीला काही खूश करायचं नव्हतं. तिनं पुढच्या रविवारी यावं, एवढंच होतं.

ती आली. येताना भजी आणली, गल्लीचा एक फोटो काढला. रुद्रप्पांनी सकाळपासून दोन कप धुऊन पालथे घातले होते.

“गेल्या वेळी एकच शेळी होती अप्पा,” गोष्ट अर्ध्यावर आल्यावर ती म्हणाली. “आज दोन कशा?”

“दुसरी मागं होती. रोल धुतला की दिसंल.”

तिसऱ्या रविवारी तिनं स्वतःचं सांगितलं. मंद्रूपजवळ त्यांची मेंढरं होती. आजी, मायाक्का, अजून त्यांच्यामागं हिंडायची, पण गुडघे गेले होते आणि चुलते थकले होते. दसरा झाला की व्यापारी येऊन सगळा कळप नेणार होता.

“मोबाइलवर फोटो पुष्कळ आहेत. पण मला भिंतीएवढा एक पाहिजे. मेंढरांच्या मधोमध आजी, आणि लोकरीचा केस न् केस दिसायला पाहिजे. ते या मोठ्या रोलवरच होतं. दसऱ्याच्या आत कॅमेरा मिळेल ना?”

“मिळंल की. दसऱ्याला अजून लई अवकाश हाय.”

हे बोलताना रुद्रप्पांचं लक्ष भिंतीवर गेलं. तिथं गौरम्मा होत्या, कापडी फुलांच्या हारात. उभ्या जन्मात शहरातल्या निम्म्या नवऱ्या मुलींचे फोटो काढलेल्या माणसाच्या बायकोचा हा फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला होता. डोळे जरा फाटल्यासारखे, मागं निळसर काहीतरी. तिच्या शेवटच्या वर्षी रुद्रप्पांनी तिच्यासाठी म्हणून एक रोल मागवला होता. अंगणात बसवून निवांत काढू, आज ऊन फार आहे, आज हिला बरं नाही, उद्या काढू. तो रोल अजून फ्रीजमध्ये लोण्याच्या कप्प्यात होता. मुलगा गुरु बंगळुरूहून आला की विचारायचा, हे फेकू का? फेकू दिला नाही.

त्यानंतरच्या रविवारी चावी ‘जरा धरती हाय’ असं झालं. त्याच्या पुढच्या रविवारी रुद्रप्पांनी पोट बिघडल्याचा फोन केला आणि दिवसभर दार लावून आत बसून राहिले, कारण दसरा तोंडावर आला होता आणि त्यांना दुसरी कुठली गोष्ट सुचत नव्हती. दोन कप पालथेच राहिले.

दसरा होऊन गेला. रविवारी दारात रिक्षा थांबली. आधी राजनंदिनी उतरली, मग काठी, मग काठीमागं एक उंच, वाळलेली म्हातारी. तिच्या घोंगडीतून एका कोकराचं काळं तोंड बाहेर आलं आणि बें करून ओरडलं.

“यष्टीचा कंडाक्टर म्हनतो, ह्याचं बी तिकीट काडा,” मायाक्का आल्या आल्या म्हणाली. “मी म्हनलं, मांडीवर हाय की माज्या, शीट कुटं आडीवलंय?”

“बसा, बसा अव्वा.” रुद्रप्पांनी खुर्ची पुसली. “कळप कुटं ठिवला?”

उत्तर राजनंदिनीनं दिलं.

“काल नेला अप्पा. एवढं एक पिल्लू आजीनं सोडलं नाही. म्हटलं, तुमच्या रोलवर दोन-तीन उरलेत ना? त्यावर आजीलाच काढा. तुम्हीच काढा. रोल पुरा होईल, तुमची शेळी पण सुटेल.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मागच्या अंगणात खुर्ची मांडली. ऑक्टोबरचं ऊन फरशीवरून उलटून डोळ्यांत येत होतं. पत्र्यावर कावळासुद्धा पाय बदलत उभा होता. मायाक्कानं पदर कपाळापर्यंत ओढला, पिल्लू मांडीवर बसवलं, त्याचे कान सारखे केले आणि आपले दोन्ही हात त्याच्या पाठीवर ठेवून समोर बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी नीट बसवून आपला फोटो काढतंय, हे तिच्या मानेवरून कळत होतं.

मामियात बघायचं तर मान खाली घालावी लागते. रुद्रप्पांनी घातली. काचेत मायाक्का होती, डावीउजवी उलटी, पण सुरकुती न् सुरकुती स्पष्ट. पिल्लाच्या लोकरीचा केस न् केस. अंगठा शटरवर गेला. हजारदा गेला होता असा, रिकाम्या डब्यावर.

“जरा हसू का न्हाय?” मायाक्कानं विचारलं.

रुद्रप्पांनी अंगठा उचलला.

“थांबा अव्वा,” ते म्हणाले. “उजेड लई कमी हाय आज. आतला रोल ह्या उजेडाचा न्हाय. दुसरा घालतो.”

ते आत गेले. फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा हातात गारठलेलं पाकीट होतं आणि त्यावर बारीक थेंब धरले होते. भिंतीकडं तोंड करून त्यांनी मामियाची पाठ उघडली.

राजनंदिनी मदतीला म्हणून शेजारी येऊन उभी राहिली होती. आत काळा, स्वच्छ, रिकामा डबा होता. शेळी नव्हती. वरच्या बाजूला नुसतं एक रिकामं रीळ. खुर्ची नव्हती, गल्ली नव्हती, तिच्या सगळ्या रविवारांतलं काहीही नव्हतं. ती बघत राहिली. रुद्रप्पाही तिथंच बघत होते, तिच्याकडं बघायचं टाळून.

मग तिनं त्यांच्या बोटांतून पाकिटाचा कागद काढून घेतला, घडी करून ओढणीच्या टोकाला बांधला आणि आजीचा पदर सारखा करायला गेली.

रोलची कागदी जीभ रिळाच्या फटीत जाता जाईना. शेवटी गेली. त्यांनी पाठ लावली आणि चावी फिरवली. जड, जड होत ती आली आणि टक् करून अडली.

पदरावरचा राजनंदिनीचा हात थांबला. हा आवाज तिनं या कॅमेऱ्यातून कधी ऐकला नव्हता. तिनं वळून रुद्रप्पांकडं पाहिलं.

काहीतरी बोलायला हवं होतं. रुद्रप्पांनी मान काचेत आणखी खाली घातली.

“आता कसा,” ते खालूनच पुटपुटले, “आता जरा उजेड याया लागलाय.”

मायाक्कानं पिल्लाच्या डोळ्यांवर एका हातानं सावली धरली. घामाची धार तिच्या नाकावरून हनुवटीला आली होती. दुसऱ्या हातानं ती पुसत, डोळे बारीक करून तिनं कॅमेऱ्यामागच्या त्या वाकलेल्या टकलाकडं पाहिलं.

“बाबा, खोटं बोलाया बी काय सुमार हाय का न्हाय?” ती म्हणाली. “सोलापुरात, आन् उजेड कमी?”