गळ्यातलं काढून ठेवा

शिवकांता गेली त्या दिवशी लातूरच्या दवाखान्यात नर्सबाईंनी संगप्पाच्या हातात तीन वस्तू दिल्या. मंगळसूत्र, चष्मा आणि चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. डोक्याचा फोटो काढायचा होता, अंगावर धातू चालत नव्हता. "बाबा, नीट सांभाळा," नर्सबाई म्हणाल्या. संगप्पा "हाव" म्हणाला. सकाळी उदगीरला भाकरी थापता थापता तिला चक्कर आली होती आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. तसाच जीप करून तो तिला घेऊन आला होता. दुपारी साडेतीनला डॉक्टर बाहेर आले आणि त्याला म्हणाले, "आधी बसून घ्या." बसा म्हटल्यावरच त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी उदगीरला माती द्यायची होती. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. बसवून मातीत ठेवतात आणि ज्याचं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर देतात. लहानपणी गुरूनं गळ्यात बांधलेलं ते लिंग जन्मभर अंगावर असतं आणि शेवटी सोबत जातं. ते ज्याचं त्याचं असतं, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. जंगम स्वामींनी हात पुढे केला आणि म्हणाले, "बाईंचं लिंग आणा."

संगप्पा आत गेला. मंगळसूत्र सापडलं, लिंग सापडेना. त्यानं पिशवी उलटी केली, सदऱ्याचे खिसे पाहिले, जीपवाल्याला फोन लावला. बाहेर माणसं खोळंबली होती. बायकोचा प्राण म्हणून हातात दिलेली वस्तू एका रात्रीत हरवली, हे चारचौघांत सांगायला त्याची जीभ उचलेना. तो मोरीत गेला, कडी लावली आणि स्वतःच्या गळ्यातलं पांढऱ्या फडक्यात बांधलेलं लिंग काढलं. एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा त्याचा गळा रिकामा झाला. स्वामींनी फडकं सोडून ते शिवकांताच्या तळहातावर ठेवलं. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

नवव्या दिवशी तिचा चष्मा ठेवून द्यावा म्हणून त्यानं चष्म्याचं घर उघडलं, तर डबी आत. त्यानंच ठेवली होती. डबीच्या एका कडेला पोचा होता. मुलगी रुद्राणी तीन वर्षांची असताना तिनं ती खलात घालून बत्त्यानं ठोकली होती, त्याचा तो पोचा.

त्यानं ती डबी गळ्यात घातली आणि वर गुंडी लावली. तेव्हापासून रोज आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून तो दार लोटून बसे. तिचं लिंग डाव्या तळहातावर घेई. पूजा म्हणजे त्याच्याकडे टक लावून बघायचं, डोळा हलवायचा नाही. संगप्पाला ते बघवत नसे. तो भिंतीकडे बघत दहा मिनिटं काढायचा आणि उठायचा. लोक म्हणत, शिवकांताबाई लिंगैक्य झाल्या. झाली, पण कुणाच्या लिंगात? त्याचं मन तिथंच अडकून पडलं होतं. आणि हे सगळं रुद्राणीला कळता कामा नये, हा एक घोर. मातीच्या वेळी आईला साधं पातळ नेसवलं म्हणून चुलत्यांशी भांडलेली पोरगी ती. बापानं आईला असं पाठवलं हे कळल्यावर ती तोंड बघंल का?

रुद्राणी लातूरला शिकवणीत जीवशास्त्र शिकवायची. संक्रांतीच्या सुमारास तिनं फोन केला, "अप्पा, दुकान चार दिवस बंद. मालवणला जायचंय. समुद्रात."

"समुद्रात काय काम हाय आपलं?"

"बघायचंय. तुमी कधी बघितलाय का?"

त्यानं बघितला नव्हता. उदगीरला त्याचं दोरांचं दुकान. कासरे, दावी, वेसणी, बैलांच्या घुंगरमाळा. त्या धंद्यात समुद्र कुठून येणार? जावयाला सुटी नव्हती, म्हणून बापलेक दोघंच निघाले. रेल्वेनं कोल्हापूर, तिथून एसटी. सोबत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती, कारण तिकडं सगळीकडं मासळी, हे दोघांना ठाऊक होतं.

पहाटे किनाऱ्यावर उतरल्यावर संगप्पा चपला हातात घेऊन उभाच राहिला. त्याला वाटत होतं समुद्र म्हणजे मोठा तलाव, पलीकडं काहीतरी दिसेल. पलीकडं काही नव्हतं. डावीकडून उजवीकडं मान फिरवली तरी पाणी संपेना.

"एवढं सगळं पानी कुनाच्या हद्दीत हाय?" त्यानं विचारलं. रुद्राणी हसली. आईच्या मातीनंतर तो तिला पहिल्यांदा हसताना बघत होता.

होडी वेगळीच होती. दोन लांब निमुळत्या होड्या शेजारी शेजारी आणि दोन्हींवर मिळून एक फळी, मध्ये जाळं ताणलेलं. "हिला कॅटमरान म्हणतात," रुद्राणी म्हणाली. दोन बैलांच्या मानेवर एकच जू असावं, तशी बांधणी होती. शीड वर गेल्यावर मशीन बंद झालं आणि कसलाच आवाज राहिला नाही. संगप्पा जाळ्यावर पालथा झोपला. हाताच्या अंतरावर खालून पाणी पळत होतं, हिरवं, मग निळं, मग नुसतं काळं. घाई कुणालाच नव्हती. होडीवाला पन्नाशीचा, अंगानं वाळलेला माणूस होता. तो एक पाय सुकाणूवर ठेवून निवांत बसला होता. त्यानं डबा पुढे केला. "काका, सुरमय खातास?"

"आमी लिंगायत वाणी. आमाला चालत न्हाई."

"मगे माशे बघूक तरी चलतत मां?" होडीवाला म्हणाला, आणि संगप्पालाही हसू आलं. खरं तर त्यानं जिवंत मासा उभ्या जन्मात नीट पाहिला नव्हता. बाजारातून जाताना नाकाला रुमाल लावून जायचा, तेवढीच ओळख.

खडकांपाशी नांगर पडला. होडीवाल्यानं लाइफ जॅकेट, काचेचा चष्मा आणि नळी दिली. तोंड पाण्यात ठेवायचं, नळी दातांत धरायची, श्वास तोंडानं घ्यायचा. "आणि गळ्यातला काय आसा ता काढून ठेवा. मागच्या म्हयन्यात एका बाईची चैन गेली, अजून गावली नाय."

संगप्पानं गुंडीवर हात ठेवला. "मग मी हितंच बसतो."

"अप्पा, द्या माझ्याकडं," रुद्राणी म्हणाली. "मी बॅगेत नीट ठेवते. मी माझं देव्हाऱ्यात ठेवून आले न्हवं?"

"तुझं तू कुठं बी ठेव. माझं निघत न्हाई."

"एवढ्या लांब आलो, आन तुमी होडीवर बसून राहनार?"

"जीव काढून ठेव म्हनलं तर ठेवू का?"

तो ओरडलाच. रुद्राणीनं पुढे केलेला हात मागे घेतला. तिच्या तोंडाकडे बघून त्याला वाईट वाटलं. त्यानं होडीवाल्याकडं हातभर नायलॉनची दोरी मागितली, पाठ फिरवली, गळ्यातल्या दोऱ्याला ती जोडली आणि काखेतून घेऊन छातीवर आवळली. होडीवाल्यानं पुढे येऊन गाठ ओढून पाहिली. ती हलली नाही.

"काका, ही गाठ खंयची?"

"मारक्या बैलाची. बैल मरंल, गाठ सुटनार न्हाई."

"मगे उतरा," होडीवाला म्हणाला. "भिया नको. जॅकेट बुडूक देवचा नाय."

पाण्यात पाय सोडला तेव्हा गार लागलं. जॅकेटनं त्याला वर धरलं. रुद्राणीनं त्याचं मनगट पकडलं होतं. तोंड पाण्यात घातलं आणि त्याचा श्वास आपोआप थांबला. मग घेतला, तर नळीतून हवा आली. स्वतःचा श्वास एवढा मोठ्यानं त्यानं कधी ऐकला नव्हता. आत, बाहेर. आत, बाहेर. बाकी जगात काही चालू नव्हतं.

मग त्याला खालचं दिसलं.

खाली सगळं होतं. वाळूवर उन्हाच्या रेघा हलत होत्या. खडकांवर फांद्या फुटलेल्या, काही पिवळट, काही जांभळ्या. ती झाडं नाहीत, तेही जीवच आहेत, असं रुद्राणी होडीवर सांगत होती आणि त्याला ते पटलं नव्हतं. फांद्यांतून बोटाएवढे निळे मासे आत बाहेर करत होते. काळ्या पट्ट्यांचा एक पिवळा मासा त्याच्या काचेपाशी येऊन थांबला, बघून गेला. मग कुठून तरी चांदीसारख्या माशांचा थवा आला, शेकड्यानं. सगळे एका क्षणात वळले. कुणी हाक दिली नाही, कुणी खूण केली नाही, एकही मागं राहिला नाही. आणि सगळीकडून बारीक तडतड ऐकू येत होती, उन्हात तुरीच्या शेंगा तडकाव्यात तशी. एवढं सगळं रोज इथं चालू होतं. तो दुकानात दोर मोजत होता तेव्हाही चालू होतं, ती गेली त्या दुपारी साडेतीनलाही चालू होतं, आणि कुणी बघावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. त्याच्या अंगावर काटा आला. पाण्यातही काटा येतो हे त्याला नव्यानं कळलं.

तेवढ्यात जॅकेट वर सरकलं आणि गळ्यातून डबी बाहेर आली. गाठ पक्की होती, पण दोऱ्याला ढील होती. तो पालथा तरंगत होता, त्यामुळे डबी सरळ खाली लोंबली, डोळ्यांपासून वीतभर. तिचा पोचा उन्हात चमकत होता. हात वर घेतला की तोल जात होता. तोंड फिरवायला भिंत नव्हती. पाच महिने ज्याच्याकडे बघणं त्यानं टाळलं, ते त्याच्यासमोर लटकत होतं आणि त्याच्या मागं तो सगळा पसारा.

त्यानं बघितलं. आधी चोरट्यासारखं, मग नीट. डबी श्वासाबरोबर जरा हलायची, थांबायची. किती वेळ गेला कुणास ठाऊक. डोळा हलला नाही.

मनगटावरचा हात घट्ट झाला तेव्हा त्यानं बाजूला पाहिलं. काचेआडून रुद्राणीही डबीकडेच बघत होती. पाण्यात विचारायची सोय नव्हती आणि सांगायचीही नव्हती. तिनं हात मात्र सोडला नाही.

वर आल्यावर ती टॉवेल गुंडाळून त्याच्यासमोर बसली. "अप्पा, ही डबी अव्वाची हाय."

"हाय."

"मग अव्वाच्या हातात काय दिलं?"

"माझं."

त्यानं सगळं सांगितलं. दवाखाना, मोरीची कडी, चष्म्याचं घर. होडीवाला शिडाच्या दोरीत उगाच काहीतरी शोधत राहिला.

"पाच महिने!" रुद्राणीचा आवाज चढला. "दर रविवारी फोन करते मी. जेवलात का म्हनते, तुमी हाव म्हनता. एवढं सांगता आलं न्हाई?"

"काय सांगू? तुझ्या आईला दुसऱ्याचं देऊन पाठवलं म्हनून?"

"दुसऱ्याचं कसं? तुमचं." मग ती लगेच म्हणाली, "तरी बी चुकलंच तुमचं. स्वामींना तवाच सांगायचं. त्यांनी कायतरी वाट काढली असती."

"चुकलं."

ती रडू लागली आणि रडता रडताच म्हणाली, "अव्वा असती तर काय म्हनली असती? या मानसाला चष्म्याच्या घरात चष्मा बी ठेवता येत न्हाई."

"हेच म्हनली असती," संगप्पा म्हणाला. त्याचेही डोळे वाहत होते, पण अंग सगळं ओलंच होतं.

होडीवाला खाकरला. "काका, दर्यात सोडूचा आसात तर सांगा. लोक येतत, अस्थी सोडतत. माका चलता."

संगप्पानं पाण्याकडे पाहिलं. "न्हाई. ती मातीत हाय. हे बी मातीतच जायला पायजे." मग म्हणाला, "पर आजून एकदा उतरू द्याल का?"

"येळ संपली हो."

"थोडं."

होडीवाल्यानं सूर्याकडे बघितलं. "धा मिनटां."

या खेपेला तो आधी उतरला आणि रुद्राणी मागून. त्यानं डबी आत खोचली नाही.

उदगीरला येऊन आता दीड महिना झाला. सकाळी तो बसतो तेव्हा दार लोटत नाही. तिचं लिंग तळहातावर घेतो आणि बघतो, कधी अर्धा तास, कधी जास्त. हे रीतीला धरून नाही, हे त्याला ठाऊक आहे. मठात जाऊन स्वामींना खरं सांगायचं, स्वतःसाठी नवं लिंग घ्यायचं आणि तिचं तिच्या मातीत नेऊन ठेवायचं, असं रुद्राणीशी ठरलं आहे. दर रविवारी ती विचारते, गेलात का. मठ दुकानापासून चालत दहा मिनिटांवर आहे. तो अजून गेलेला नाही.