मेहुण्याच्या हातचा दोर

"आजच्या दिस धरतो, दाजी. उद्यापासून दुसरा बघा," असं म्हणत संगमेशनं दोराचा वेढा लोखंडी खुंट्याला घातला. बसवंत दोराच्या दुसऱ्या टोकाला बसायचा पाट बांधू लागला. कारखान्याच्या चिमणीखाली उभं राहून मेहुण्याशी वाद घालायचं त्राण त्याच्यात नव्हतं.

अर्धापूरकडच्या या साखर कारखान्याचा बॉयलर आठ दिवसांत पेटायचा होता. त्याआधी दीडशे फूट उंच चिमणीच्या भेगा बुजवायच्या होत्या. वर लटकणारा आपला दोर मेहुण्याशिवाय कुणाच्या हाती देत नाही, अशी या धंद्यातली रीत. सख्खा भाऊ एखादवेळी बांधाच्या भांडणापायी हात सैल सोडेल. पण मेहुणा बहिणीचं कुंकू कसं पुसेल? म्हणून दोर राहतोही मेहुण्याच्याच घरी. संगमेशनं तो चौदा वर्षं सांभाळला.

श्रावणात बसवंताची बायको अंबिका तापानं गेली. बसवंत तेव्हा धर्माबादला पाण्याच्या टाकीवर लटकलेला. ताप चढल्याचा निरोप गेला, त्यावर तिसऱ्या दिवशी आला तो मातीलाच. मातीच्या दुसऱ्या दिवशी संगमेशनं दोर आणून त्याच्या अंगणात फेकला. "माझी बहीण तुमच्यामुळं गेली." आता राखायला कुंकूच उरलं नव्हतं. आणि बसवंताला दुसरं काम येत नव्हतं, म्हणून तोच दोर घेऊन तो पुन्हा संगमेशच्या दारी गेला होता.

शंभर फुटांवर बसायचा पाट एकदम दोन हात खाली आला. थापी निसटली. बसवंतानं दोराला दोन हिसके दिले. खालून एक हिसका आला की समजायचं, धरलंय. आला नाही. पुन्हा दिले. नाहीच.

सोडून राहिला हा, त्याला वाटलं. राग मात्र आला नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

"सोड बाबा," तो चिमणीच्या भिंतीला म्हणाला. "तिच्याजवळ तरी जाईन." आणि तो धडधाकट माणूस लटकल्या जागी ओक्साबोक्शी रडला.

मग पाट वीत वीत खाली सरकू लागला.

पाय जमिनीला टेकले तेव्हा त्याला दिसलं. खुंटा उपटून पडला होता. संगमेशनं दोर स्वतःच्या कमरेला गुंडाळून चौथऱ्याला पाय रोवले होते, आणि दोन्ही तळहात सोलून निघाले होते. हिसका द्यायला हात मोकळा होता कुठं?

"आता अंबिका न्हाई," बसवंत म्हणाला. "कशाला धरलास रं?"

"सोडावं वाटलं व्हतं, दाजी. खोटं कशाला बोलू?" संगमेश तळहातांकडं बघत राहिला. "हात उघडलेच न्हाईत."

बसवंत दोर गुंडाळायला वाकला. संगमेशनं तो त्याच्या हातातून काढून घेतला, रक्ताळल्या हातांनी वेटोळं केलं आणि खांद्यावर टाकून आपल्या घरी नेला.