रत्नाकर सरांची जागा

"तुमच्यासारखं बारकाईनं वाचणारं कोणी नाही, दीदी," म्हणत शालिग्रामनं खोव्याच्या जलेबीचा पुडा पुढे ठेवला, तेव्हा प्रणोती मांडीवरच्या मैत्रेयीचं टोपरं उगाचच सारखं करू लागली.

पुरातत्त्वाच्या त्या त्रैमासिकाचं काम ती महाराजपुरातल्या घरातूनच करायची. लेक तान्ही, बाहेरची नोकरी जमणारी नव्हती. यंदा संपादक हेमचंद्रजींनी बजावलं होतं, इम्पॅक्ट, म्हणजे त्रैमासिकातल्या लेखांचे संदर्भ किती दिले जातात तो आकडा, वाढला नाही तर तिला मदतनीस म्हणून ठेवता येणार नाही. इम्पॅक्ट वाढायचा तर लेखकांनी त्रैमासिकाच्याच जुन्या अंकांचे संदर्भ द्यायला हवेत. म्हणून प्रत्येकाला एकच मजकूर जायचा: सोबतचे चार लेख पाहावेत, विवेचन भक्कम होईल. मजकूर प्रणोतीचा. शालिग्रामचा लेख तिनं उघडलाही नव्हता.

"चारही वाचले. पहिले तर समजूनच नाही राहिलं, नाण्यांचा माझ्या खापरांशी काय संबंध! मग म्हटलं, तज्ज्ञ सांगून राहिले तर असंल काही. आपलंच डोकं कमी."

"तसं नाही हो..."

"बसवले कसेबसे. फक्त तुमची संदर्भांची मर्यादा आहे न, म्हणून रत्नाकर सरांचा काढला."

"कोण रत्नाकर सर?"

"माझे सर. खापर ओळखायला त्यांनीच शिकवलं. एकच लेख छापून आला त्यांचा, कोणी विचारलं नाही त्याला. माझ्या लेखात पहिल्यांदा नाव येणार होतं."

"मग काढला काहून?" तिचा आवाज चढला. "परत घाला तो. आमचा एक काढा."

"अरे नहीं, दीदी! सरच म्हणाले. खाटेवर पडून आहेत, तरी हसले. म्हणे, माझं जुनं झालं, बेटा. ते लोक बरोबरच सांगत असतील."

"ते लेख..." प्रणोतीनं सुरुवात केली, तोच मोबाइल उजळला. हेमचंद्रजी विचारत होते, शालिग्रामनं चारही घातले का? तिनं मोबाइल पालथा ठेवला.

"ते लेख काय, दीदी?"

मैत्रेयी कुरकुरली. प्रणोतीनं तिला थोपटलं.

"चांगले आहेत," ती म्हणाली.

शालिग्राम खूश होऊन उठला. दाराशी गेला आणि वळला. "एक फोटो काढू? सरांना दाखवीन. म्हणन, ह्याच त्या बाई."

नको म्हणेपर्यंत त्यानं फोन वर धरलाही होता.

"जरा इकडे पाहा न, दीदी."

पाहिलं ते फक्त मैत्रेयीनं.