लेफ्साची जात

"माणूस असो की कुत्रा, शेवटी सगळं रक्तात असतं. रक्त कळलं की जग कळलं!" असं अर्व्हिड हॅल्बर्ग चर्चच्या तळघरात, रविवारच्या कॉफीवर, चाळीस वर्षं जाहीर करत आला. तो स्वतः शंभर टक्के स्वीडिश होता. मग गेल्या नाताळात त्याच्या मुलीनं, क्रिस्टानं, त्याला थुंकीवरून वंश सांगणाऱ्या तपासणीचा डबा भेट दिला. निकाल आला : एक्केचाळीस टक्के नॉर्वेजियन, बाकी स्वीडिश. पुढचे तीन रविवार अर्व्हिड कॉफीला फिरकला नाही.

मिनेसोटातल्या आमच्या गावात, जिथं स्वीडिश आणि नॉर्वेजियन घरं पिढ्यानपिढ्या एकमेकांना टोमणे मारत आलीत, ही साधी गोष्ट नव्हे. त्याची बायको मार्लिस अस्सल नॉर्वेजियन, आणि त्यानं तिला शेहेचाळीस वर्षं त्यावरून छळलेलं. तिनं बेवारशी कुत्र्यांच्या निवाऱ्यातून एक कुत्री आणली, तेव्हा त्याला खिजवायला म्हणून नाव ठेवलं लेफ्सा; म्हणजे तिच्या माहेरची बटाट्याची पातळ पोळी. मार्लिसला जाऊन दोन वर्षं झाली.

"व्हर्न," निकालाचा कागद कुंपणावरून माझ्या हातात देत अर्व्हिड म्हणाला, "आठवडाभर हसली असती रे ती."

जानेवारीत तो दाराबाहेरच्या बर्फावर घसरून पडला. तासभर उठता येईना. लेफ्सा अंगावर ऊब देत पडून राहिली आणि भुंकत राहिली, म्हणून मला कळलं. क्रिस्टानं दुलूथला, स्वतःच्या घराजवळ, म्हाताऱ्यांच्या वसाहतीत त्याच्यासाठी खोली पाहिली. कुत्रं चालेल, पण पिटबुल आणि रॉटवायलर जातीचं नको, असा तिथला नियम.

निवाऱ्यानं दिलेल्या कागदावर 'लॅब्रॅडॉर, मिश्र' असं लिहिलं होतं. निवारेवाले बकरी आली तरी तेच लिहितील. लेफ्साचा जबडा बघून पोस्टमन अर्व्हिडची पत्रं माझ्या पेटीत टाकतो. वसाहतीच्या व्यवस्थापक बॉनीबाईंनी फोटो पाहिला आणि तिच्या जातीच्या तपासणीचा अहवाल मागितला.

"वाईट निघाला तर?" मी विचारलं.

"तर मी इथंच. मार्लिस आजारी होती तेव्हा ही तिच्या पलंगाखालून हलली नव्हती. हिला टाकून मी जाऊ?"

"पुढच्या वेळी पडलास आणि मी घरी नसलो तर?"

"तर पडलेलाच राहीन. तू तिचं तोंड धर."

लेफ्सासाठीही तसाच थुंकीच्या तपासणीचा डबा मागवला होता; कापसाची काडी तिच्या गालात आतून अर्धा मिनिट फिरवायची होती. पहिली लेफ्सानं गिळली. डब्यात दोन होत्या, हे त्या कंपनीचं शहाणपण. दुसरीच्या वेळी अर्व्हिड तिच्या कानात काहीतरी पुटपुटला आणि ती गप्प बसली. काय म्हणालास, विचारलं तर म्हणाला, "नॉर्वेजियनमध्ये सांगितलं. मार्लिस सांगायची तसं."

तीन आठवड्यांनी निकाल आला. पहिल्या पानावर, सर्वांत वर : चिवावा, एकोणीस टक्के. म्हणजे बायकांच्या पर्समध्ये बसतं ते कुत्रं. लेफ्साचं वजन सत्तर पौंड. दुसऱ्या पानावर पिटबुल, अठरा. रॉटवायलर, चौदा. मग आणखी सहा जाती, आणि उरलेल्यापुढे 'सांगता येत नाही'.

"पहिलंच पान ने," मी म्हणालो.

"अर्धं सांगायचं म्हणजे खोटंच की."

"अरे, तुझी खोली जाईल!"

"माहितीय मला."

मीच गाडी चालवली. बॉनीबाईंसमोर अर्व्हिडनं कोट नीट केला आणि दोन्ही पानं मोठ्यानं वाचली, चर्चमध्ये वाचतात तशी. पिटबुलला आवाज जरा चिरकला, पण थांबला नाही. लेफ्सा मधेच उठून टेबलाखाली गेली.

 बॉनीबाईंनी चष्मा लावून नियमावली उघडली.

"इथं लिहिलंय, 'ज्या जातीचा हिस्सा सर्वांत मोठा, ती कुत्र्याची जात'." त्यांनी अर्जावर सावकाश लिहिलं : चिवावा. "दुसरं पानही जोडून घेते. ते वाचायचं की नाही, याबद्दल नियमात काही नाही."

अर्व्हिड खुर्चीत बसला. त्यानं दोन्ही पानं बॉनीबाईंपुढे सरकवली.

"म्हणजे त्या हिशेबानं," मी कुजबुजलो, "तूही परत स्वीडिशच की रे!"

त्यानं थोडा विचार केला. "नको," तो म्हणाला. "ते एक्केचाळीस राहू देत. ते मार्लिसचे."

बॉनीबाईंनी नाक पुसलं, अर्जावर शिक्का मारला आणि टेबलाखाली वाकून पाहिलं.

"अर्व्हिड, तुमच्या चिवावाला जरा माझ्या पायावरून उठायला सांगता का? मुंग्या आल्यात."