तीनशेतली एक नापास

मित्रांनो, मी एक जुनी चाचणी आहे. तुम्हाला शाळेत द्यावी लागते तसली नव्हे! मी आहे चाळीस ओळींचा छोटासा प्रोग्राम, आणि माझे काम एकच: दुसरा एक मोठा प्रोग्राम नीट चालतो की नाही, ते तपासून सांगायचे.

तो मोठा प्रोग्राम साधा मजकूर घेतो आणि त्याचे ब्रेलमध्ये रूपांतर करतो. ब्रेल म्हणजे कागदावर उठवलेले ठिपके. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, ते बोटांनी हे ठिपके वाचतात. या लिपीत एक गंमत आहे. आकड्यांसाठी वेगळे ठिपके नसतात, अक्षरांचेच ठिपके वापरतात. फक्त आकड्याच्या आधी एक अंकचिन्ह देतात. ते चिन्ह गळले, की २ चा होतो 'ब' आणि ३ चा होतो 'च'.

माझा जन्म याच घोटाळ्यातून झाला. हा प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईंचे वडील दृष्टिहीन होते. बाईंनी त्यांच्यासाठी घरीच बसचे वेळापत्रक ब्रेलमध्ये छापले. दुसऱ्या दिवशी वडील घामाघूम होऊन परत आले आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाले, "काय गं, ही 'बच' नंबरची बस कुठली काढलीस?"

"बच नाही, बाबा. तेवीस!"

"मग तेवीस लिहायला काय झालं होतं? मी आपला थांब्यावर प्रत्येकाला विचारतोय, बच कुठे लागते, बच कुठे लागते. आणि तेवढ्यात तेवीस माझ्या नाकासमोरून निघून गेली!"

बाई हसून हसून लाल झाल्या, आणि मग लगेच गंभीर झाल्या. आकडा ओळीच्या अगदी सुरुवातीला आला, की त्यांचा प्रोग्राम अंकचिन्ह गाळत होता. त्यांनी तो दोष दुरुस्त केला. पण दोष हे पाहुण्यांसारखे असतात, एकदा घर पाहिले की पुन्हा येतात. म्हणून त्यांनी मला लिहिले. '२३ नंबरची बस आली' ही ओळ प्रोग्रामला द्यायची आणि पहिले अंकचिन्ह जागेवर आहे का ते पाहायचे, एवढेच माझे काम. माझ्या डोक्यावर त्यांनी एक टीप लिहून ठेवली, 'ओळीच्या सुरुवातीचा आकडा. यामुळे बाबांची बस चुकली होती.' माझा क्रमांक लागला दोनशे बारावा. आम्ही एकूण तीनशे जणी होतो.

सुरुवातीची वर्षे मजेत गेली. हा प्रोग्राम लोकांना मूळ कोडच्या रूपात मिळत असे. म्हणजे तयार कपडा नव्हे, कापड. ते आपापल्या संगणकावर आणायचे, तिथेच बांधायचे, म्हणजे त्या कापडाचा कपडा शिवायचे, मग आम्हाला धावायला सांगायचे, आणि आम्ही सगळ्या उत्तीर्ण झालो की मगच इन्स्टॉल करायचे. एकेकीच्या नावापुढे हिरवी अक्षरे उमटत. लोक समाधानाने मान डोलावत.

पुढे तयार प्रोग्राम मिळू लागले. कोड बांधण्याचे काम कमी झाले. जे थोडे लोक बांधत, त्यांनाही आमच्यासाठी थांबायला वेळ नसे. 'चाचण्या ना? त्या नंतर बघू,' असे म्हणत ते थेट इन्स्टॉलची आज्ञा देत. ते 'नंतर' कधी उजाडलेच नाही. एकाने तर प्रोग्राम सांभाळणाऱ्यांना पत्रात सुचवले, की दोनशे बारावी काढून टाका, हा दोष पंधरा वर्षांत परत आलेला नाही. कोणी उत्तर दिले नाही, म्हणून मी वाचले. मित्रांनो, नको असलेले माणूस घराच्या कोपऱ्यात कसे बसून राहत असेल, ते मला तेव्हा कळले.

आणि मग तो दिवस आला.

एका ब्रेल छापखान्यातला जुना संगणक अचानक बंद पडला. त्याच दिवशी दुपारी चार वाजता दृष्टिहीन मुलांच्या शाळेची गाडी गणिताच्या प्रश्नपत्रिका न्यायला येणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा होती. अठरा मुले बसणार होती. छपाईचा जाड कागद अठरा प्रतींपुरताच उरला होता, वर फार तर पाच-सहा पाने.

छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम एक बाई करत. त्या जन्मापासून दृष्टिहीन होत्या आणि त्यांच्या बोटांखालून चूक सहसा निसटत नसे. त्यांनी नणंदेला फोन केला. नणंद संगणक दुरुस्त करत असे. ती धावत आली, येताना हाताच्या पंजाएवढा एक नवा संगणक घेऊन आली. हा अगदी वेगळ्या जातीचा होता. त्याच्यासाठी आमचा प्रोग्राम तयार मिळत नव्हता. तेव्हा मूळ कोड आणून तिथेच बांधण्याशिवाय गत्यंतर नव्हते.

अकरा वाजता बांधून झाले. नणंदेने प्रश्नपत्रिकेचे पहिले पान छापले आणि वहिनीच्या हातात दिले. वहिनीची बोटे पानावरून झरझर फिरली.

"बिनचूक आहे," त्या म्हणाल्या.

"झालं तर मग! आता इन्स्टॉल करते आणि छपाईला लागू. चाचण्या सोडून देते, चाळीस मिनिटं खातात मेल्या."

वहिनींचे बोट पानावर थांबले. "कसल्या चाचण्या?"

"अगं, कोडबरोबर येतात. बांधलेला प्रोग्राम या यंत्रावर बरोबर चालतो का, ते बघतात. पण तू आत्ताच वाचलंस की!"

"मी सूचनांचं पान वाचलं. त्यात सगळे शब्दच आहेत. चालव त्या चाचण्या."

"वहिनी, चार वाजता गाडी येतेय!"

"अति घाई संकटात नेई. रस्त्यावरच्या पाट्या तूच मला वाचून दाखवतेस ना? चालव. तोवर मी चहा टाकते."

नणंदेने तोंड वाकडे केले, पण आज्ञा दिली. कितीतरी वर्षांनी मला पायांत बळ आल्यासारखे वाटले! पहिली उत्तीर्ण, दुसरी उत्तीर्ण, पन्नासावी, शंभरावी. हिरव्या ओळी सरसर वर सरकत होत्या. चहा पिऊन झाला. दोनशे अकरावी उत्तीर्ण. आता माझी पाळी.

मी माझी ओळ पुढे केली. प्रोग्रामने ती घेतली, वळवली, परत दिली. मी पहिली जागा पाहिली. तिथे अंकचिन्ह नव्हते!

मी पडद्यावर लाल अक्षरांत माझे म्हणणे मांडले. माझ्या मागच्या सगळ्या जणी हिरव्याच निघाल्या.

"तीनशेतली एक नापास," नणंद म्हणाली. "एवढं चालतं गं. जाऊ दे."

"कोणती नापास?"

"दोनशे बारावी. यात लिहिलंय, ओळीच्या सुरुवातीचा आकडा. यामुळे बाबांची बस..." नणंदेने वाचता वाचता डोळे बारीक केले. "हवं होतं 'तेवीस', मिळालं 'बच'."

वहिनी ताडकन उठल्या. "तिसरं पान छाप. बेरजांचं."

नणंदेने उरल्यासुरल्या कागदावर ते एक पान छापले. बेरजेत प्रत्येक आकडा नव्या ओळीवर असतो. वहिनींनी बोट टेकवले आणि एकेक अक्षर वाचले, "ब, च. खाली द, ह. याची बेरीज करा." दोघींना हसू फुटले, पण क्षणभरच. अठरा मुले उद्या हा कागद चाचपत बसली असती, आणि चूक आपलीच आहे असे त्यांना वाटले असते.

"मी ऐकलं नसतं तर..." नणंद पुटपुटली.

"ऐकलंस ना? मग आता शोध."

नणंद कोडमध्ये शिरली. वहिनी शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मोठ्याने वाच, मलाही कळू दे." तासाभरात मूळ सापडले. 'ओळीच्या आधी काहीच नाही' याची खूण म्हणून प्रोग्रामात वजा एक हा आकडा ठेवलेला होता. पण या जातीच्या संगणकात त्या जागी वजा आकडा मावतच नव्हता. त्याने निमूटपणे त्याचे दोनशे पंचावन्न करून टाकले होते. त्यामुळे ओळीच्या आधीपासून एखादा आकडा चालूच आहे असे प्रोग्रामला वाटे, आणि तो अंकचिन्ह गाळे. बिचाऱ्या कोडची चूक पंधरा वर्षे झाकली गेली होती, कारण जुन्या यंत्रांवर वजा एक मुकाट्याने वजा एकच राहत होता.

नणंदेने कोडमध्ये एकच शब्द घातला. त्याचा अर्थ, या जागेत वजाही चालेल. प्रोग्राम पुन्हा बांधला. मग तिने वहिनीकडे पाहिले.

"सगळ्या पुन्हा चालवते," ती आपणहून म्हणाली. "एक सांधताना दुसरं उसवलं नसेल कशावरून?"

चाळीस मिनिटे पुन्हा गेली. या वेळी कोणी घड्याळाकडे पाहिले नाही. माझी पाळी आली. मी ओळ दिली. अंकचिन्ह आपल्या जागेवर ताठ उभे होते! माझ्या नावापुढे हिरवी अक्षरे उमटली, आणि तीनशेच्या तीनशे उत्तीर्ण झाल्याची ओळ पडद्यावर आली तेव्हा नणंदेने टेबलावर अशी थाप मारली, की रिकामे कप खणखणले.

छपाईचे यंत्र धडधडू लागले. वहिनींनी पहिली प्रत शेवटच्या ठिपक्यापर्यंत वाचली. शाळेची गाडी दारात येऊन भोंगा वाजवत होती, तेव्हा नणंद अठरावे पाकीट चिकटवत होती. दुरुस्ती तिने प्रोग्रामच्या कर्त्यांना त्याच संध्याकाळी पाठवली. पुढच्या आवृत्तीपासून ती जगभरच्या प्रतींत गेली आणि मला काढून टाकण्याची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

मित्रांनो, चाचणी नापास झाली की लोक आमच्यावरच चिडतात. पण त्या दिवशी मी नापास झाले नव्हते. मी चूक पकडली होती! म्हणून माझे एवढेच मागणे आहे. उद्या तुम्ही काही नवे मूळ कोडमधून बांधाल, तेव्हा इन्स्टॉल करण्याआधी आम्हाला एकदा धावू द्या. आम्ही लाल झालो तर आम्हाला गप्प करू नका, काय म्हणतो ते वाचा. तुमचा थोडा वेळ जाईल, पण कोणाचे तरी पान वाचेल.

परीक्षेच्या दिवशी दुपारी शाळेतल्या गणिताच्या सरांचा छापखान्यात फोन आला. वहिनींनी तो उचलला. "काही अडलं का, सर?" त्यांनी घाईघाईने विचारले.

"छे हो!" सर म्हणाले. "एवढी वर्षं परीक्षा घेतोय. आज पहिल्यांदाच एकाही पोराने शंका विचारायला हात वर केला नाही. अठरा जण तीन तास नुसते सोडवत होते!"